मसुदा क्रमांक सात

हेलसिंकीत, मंत्रालयाच्या तळघरात
हीटरला पाठ लावून माझं टेबल.
मी मासे मोजत नाही. ते मोजणारे वेगळे,
ते बोटींवर असतात, त्यांच्या बुटांना वास येतो.
मी वाक्यं मोजते.
प्रयोगशाळेतून निघालेलं एक वाक्य
कोट्यापर्यंत पोचताना
वाटेत काय काय सांडतं,
हा माझा विषय.
दोन वर्षांचा करार. त्यातले सात महिने उरलेत.

पहिल्या मसुद्यात होतं:
हेरिंग कमी झालेत
चार हंगाम जाळी ओढून,
माशाच्या कानातला इवला खडा कापून,
त्याची वलयं भिंगाखाली मोजून
कुणीतरी लिहिलेले तीन शब्द.
दुसऱ्यात ते 'कमी झाल्याचं दिसतं' झाले.
तिसऱ्यात समासात पेन्सिलीने कुणीतरी विचारलंय,
'कुणाला?'
ते हस्ताक्षर मला आवडलं. कुणाचं, ते सापडत नाही.
चौथा मसुदा गहाळ आहे.
पाचव्यात 'तथापि' आला,
आणि घरात शिरलेल्या पाहुण्यासारखा
सहाव्यात पाय पसरून बसला.
सातव्यात मासेच नाहीत जवळपास:
या संदर्भात अधिक अभ्यासाची आवश्यकता आहे.

आणि कुणीही खोटं बोललेलं नाही.
मी तीनदा तपासलं. सातही वाक्यं खरी आहेत.

ज्यांनी 'तथापि' घातला त्यांना मी भेटले.
नाव लिहायचं नाही असं ठरलंय,
माझ्या नोंदींत त्या 'अधिकारी अकरा'.
सव्वीस वर्षं नोकरी, खिडकीत जेरेनियम.
मला वाटलं होतं, समोर कुणीतरी दगड असेल.
त्यांनी माझ्या कपात आधी दूध ओतलं, मग म्हणाल्या,
"छातीठोक लिहिलं की फाईल परत येते.
मऊ लिहिलं की निदान पुढे सरकते.
मी ती मरू दिली नाही, एवढं लिही."
लिहिलं.
मग म्हणाल्या, "माझे वडील मासेमारच होते,"
आणि रेकॉर्डर बंद करायला सांगितला.

मार्चमध्ये किनाऱ्यावर गेले, बर्फ अजून हटला नव्हता.
हेल्मर ब्योर्कहोल्मच्या शेडमध्ये
लोखंडी तराजू आणि खिळ्याला टांगलेली वही.
दर वसंतात पहिल्या टोपलीतून
एक किलो मासे तोलायचे, मोजायचे, लिहायचे.
बापाने सुरू केलेलं, हा चालवतो.
पहिल्या पानावर: किलोला अठ्ठावीस.
गेल्या वर्षी: त्रेपन्न.
मधल्या पानांवर रॉकेलचे डाग,
एका वर्षी नुसतं 'आई गेली', आकडा नाही.

"तुमच्यात याला काय म्हणतात?" त्याने विचारलं.
मी म्हटलं, "अनुभवजन्य निरीक्षण."
शब्द फार मोठा झाला. शेडमध्ये मावेना.
तो बायकोकडे वळून स्वीडिशमध्ये काहीतरी बोलला,
दोघं हसली,
आणि मला येत असलेल्या स्वीडिशमध्ये
ते वाक्य नव्हतं.
निघताना त्याने चार मासे कागदात बांधून दिले.
तळहातावर एक ठेवून पाहिला.
पेनाहून थोडासाच लांब.

सातव्या मसुद्याला परिशिष्ट आहे, ते मी
नेहमी उलटून टाकायचे. काल वाचलं.
'अधिक अभ्यासा'साठी तरतूद, प्रकल्प क्रमांक,
आणि तो क्रमांक ओळखीचा वाटला
म्हणून पिशवीतून पगाराची पावती काढली.

तोच.

म्हणजे वाक्यातून जे सांडत गेलं
त्यावर माझं भाडं चालतं,
हा हीटर चालतो, ती पेन्सिल कुणाची
हे शोधायला मिळणारे दिवसही.

आज मुदतवाढीचा अर्ज भरायचा आहे.
'आतापर्यंतचे निष्कर्ष', तीनशे अक्षरांचा रकाना.
सवयीने बोटं म्हणाली, या संदर्भात.
खोडलं.
तीन शब्द टाइप केले, पहिल्या मसुद्यातले,
आणि हात मांडीवर घेतले.

खाली कोपऱ्यात रकाना सांगतोय:
अजून दोनशे चौऱ्याऐंशी अक्षरं शिल्लक.