परत आलेला टॉवेल

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, पत्र्याखाली,
मे महिन्यात दुपारी तीन वाजता
एक खोकं परत आलं.
आत आपलाच टॉवेल. पांढरा, जाड, निळ्या किनारीचा.
वर हॉटेलवाल्याची चिठ्ठी:
तुमचे टॉवेल वाळत नाहीत.

वाळत नाहीत!
मालक हसले. मी हसलो. शिलाईवरची राजमणी
तेलुगूत काहीतरी पुटपुटून इतकी हसली
की सुई मोडली.
इथे तर टॉवेल पिळता पिळता वाळतो.

नकाशा काढला. समुद्रात एक ठिपका.
शाई सांडली असेल म्हणून
नखाने खरवडून बघितला. निघाला नाही.

संध्याकाळी कन्ना चौकात वडनाल सर भेटले,
रात्रशाळेत भूगोल शिकवायचे.
म्हणाले, ठिपका काय बघतोस, उंची बघ.
पाण्यातून थेट वर, तीन हजार मीटर,
मधे ना माळ ना पठार.
टपरीच्या बाकावर त्यांनी तोच टॉवेल पसरला,
खाली चहाचा ग्लास उपडा सरकवला,
आणि उंचवट्यावरून बोट चढवत नेलं.

"त्या बेटाला कोरडी दिशाच नाही.
वारा कुठूनही येवो, समुद्र पिऊनच येतो.
समोर डोंगर. चढावंच लागतं.
चढता चढता गारठतो,
आणि गारठलेल्या हातांना ओझं धरवत नाही.
त्यात वादळ तिथेच घुटमळलं, तर बघायलाच नको.
पुढचा रिता होतोय तोवर मागचा भरून हजर.
आपले तीन पावसाळे, एका दिवसात."

म्हणजे डोंगर पाणी करतो?
"छे. डोंगर काहीच करत नाही.
उभा असतो."

आणि आपण, सर?
त्यांनी बोट ग्लासाच्या पलीकडे उतरवलं.
तिथे टॉवेलला एक चुणीसुद्धा नव्हती.
"आपण इथे. सह्याद्री उतरून
वारा आपल्याकडे येतो ना,
बाजार उठल्यावरची हातगाडी जशी:
चाकांचा आवाज तेवढा मोठा."

हिप्परग्याचा तळ उघडा पडला
की आई म्हणायची, गावाचं काहीतरी पाप असेल.
आई, पाप नव्हतं गं.
कुणाला चढ मिळाला, कुणाला उतार.
एवढंच. एवढंच होतं,
आणि तू किती उपास केलेस.

मालकांना उत्तर एका ओळीत हवं होतं.
तुमच्या डोंगराला विचारा, असं कसं लिहिणार?
लिहिलं: पुढच्या खेपेला पातळ माल पाठवतो.

तो टॉवेल मात्र खरंच दमट होता.
एकोणतीस दिवस जहाजात, ट्रकात, प्लास्टिकमध्ये,
तरी घडीच्या आत ओल,
आणि ओळखीचा नसलेला एक वास,
शेवाळाचा असेल, किंवा त्या उंचीचा.

दुसऱ्या दिवशी राजमणीने तो गच्चीवर टाकला.
चहा संपायच्या आत पापडासारखा कडक.

एका बेटाची वाटीभर ओल
सोलापूरच्या उन्हात वर गेली.
मी जरा वेळ वर बघत राहिलो.
तिला अडवायला इथे काही नव्हतं,
एक गिरणीची जुनी चिमणी सोडली तर.