खांब क्रमांक सतरा

प्रत्येक शब्दानंतर थांब,
हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं सुगावारासाहेबांनी.
गावात एकेचाळीस खांब, खांबागणिक चार भोंगे,
आणि समोर डोंगर.
तुझं बोलणं डोंगरापर्यंत जातं, आपटतं, परत येतं.
त्याला वाट दे,
नाहीतर तुझ्याच शब्दावर तुझा शब्द आदळेल.

तेव्हापासून मी अशी बोलते:
ही… नगरपालिका… आहे.
उद्या… मोठा कचरा… उचलण्याचा… दिवस.
गाद्या, सायकली, बिघडलेले भातकुकर
सकाळी… आठच्या… आत.
घरीसुद्धा मीठ मागताना थांबते मधेच,
मुलगा म्हणतो, आई, इथे डोंगर नाहीये.

एप्रिलमध्ये नदीकाठी झेंडूची रोपं लावायला या, हातमोजे आम्ही देऊ.
रक्तदाब तपासणारी बस शुक्रवारी शाळेच्या अंगणात.
(शाळा सहा वर्षांपूर्वी बंद झाली,
पण अंगणाला अजून शाळेचंच म्हणतात.)
वरच्या आळीत अस्वल दिसलं,
पर्सिमनची फळं झाडावर ठेवू नका.
संध्याकाळी पाचला घंटीची धून,
पूर्वी पोरांना घरी बोलवायला होती.
आता तिच्यावर म्हातारे तांदूळ धुवायला घेतात.

तोमेकिची ओनुमा, वय चौऱ्याऐंशी,
खांब क्रमांक सतराच्या बरोबर खाली घर.
त्यांची अकरा पत्रं माझ्या खणात आहेत,
सगळी आमच्याच पाणीपट्टीच्या बिलामागे लिहिलेली.
आवाज कमी करा. कान किटले.
भोंगा आहे की भूकंप.
बायको आजारी आहे, तिला झोपू द्या.
तुमची ती बाई एवढी रेंगाळत का बोलते?
प्रत्येकाला मी छापील उत्तर पाठवलं:
आपली सूचना संबंधित विभागाकडे.
संबंधित विभाग म्हणजे मीच.

मग दोन वर्षं काहीच नाही.
बारावं पत्र गेल्या थंडीत आलं,
एकच ओळ:
पाचची धून थोडी लांबवता येईल का?
याला छापील उत्तर नव्हतं.
ते खणात तसंच राहिलं.

नोव्हेंबरातला मंगळवार, दुपारी तीन वाजून दहा मिनिटं,
पोलिसचौकीकडून कागद आला.
नाव वाचायचं नसतं, तसा नियम आहे.
मी घसा खाकरला.
सकाळपासून… एक… वृद्ध गृहस्थ… घरी… परतलेले नाहीत.
उंची… पाच फूट… एक इंच.
तपकिरी… जाकीट. रबरी… बूट.
डोंगराने सगळं परत केलं,
उंची, जाकीट, बूट,
माणूस तेवढा दिला नाही.

तीन वेळा वाचलं. अंधार लवकर पडतो हल्ली.
अग्निशमन दलाची माणसं कालव्याकडे गेली,
टोफू विकणाऱ्या चियोनो बाई टॉर्च घेऊन देवळामागे.
पाच वाजता धून आपोआप लागली,
मी बटणाकडे नुसती बघत होते.

सापडले.
सतराच्या नाही, एकोणतिसाच्या खांबाखाली,
धरणाजवळ, जिथे त्यांची बायको लहानपणी राहायची.
सिमेंटच्या कट्ट्यावर बसले होते.
चियोनो बाईंना म्हणाले,
इथून आवाज बरा येतो, डोंगर लांब आहे.
आणि त्या बाईला सांगा,
माझं जाकीट तपकिरी नाही, करडं आहे.
ओनुमांच्या घरात आजवर कुणी तपकिरी घातलेलं नाही.

साडेसहाला मी पुन्हा माइकसमोर.
कागदावर दोनच वाक्यं होती:
गृहस्थ… सुखरूप… सापडले.
सहकार्याबद्दल… आभारी… आहोत.
मी बटणावरचं बोट उचललं नाही.
जाकीट… करडं… होतं.
आणि थांबले, शिकवल्याप्रमाणे,
अंधारातून ते परत येईपर्यंत.

सुगावारासाहेबांनी लेखी खुलासा मागितला आहे.
उद्या फ्लूची लस, पासष्टच्या वरच्यांना मोफत,
येताना ओळखपत्र आणि सैल बाह्यांचा सदरा.