नक्कल

मस्कतहून निरोप आला, कुणाच्या तरी नातवाचा:
आजोबांच्या नाटकाची कॅसेट आहे, वळवईच्या जत्रेतली,
जरा साफ करून पाठवा.
आजोबा राजा झालेत. पण त्यांच्या आधी
कोणीतरी सारखं कुजबुजतंय,
तेवढं काढा.

फोंड्यात, बाजाराच्या वर, माझी एवढीशी खोली,
भिंतींना अंड्यांचे ट्रे ठोकलेले.
हेडफोन चढवले
आणि दुसऱ्याच वाक्याला ओळखलं
कोण कुजबुजतंय ते.

शाबलो. दिवसा सुर्ल्याच्या फेरीबोटीवर दोरखंड टाकायचा,
रात्री तालमीला.
हँडबिलावर त्याचं नाव रंगभूषेखाली,
गॅसबत्तीवाल्याच्याही खाली.

त्याच्या बापाच्या काळी पुस्तकच नव्हतं.
मांडावर, समईपुढं, रात्रभर जागर;
कोणी विसरला तर विसरला,
दुसरा तिथून धरायचा,
आणि पुढल्या वर्षी ती चूकच रीत व्हायची.

मग पुण्याहून पोस्टानं एक छापील प्रत आली.
गावात एकच.
जो तो फक्त आपली नक्कल उतरून घेई,
राजाकडे राजाची वाक्यं, दासीकडे दासीची चार,
आधीच्याच्या बोलण्याची शेपटी तेवढी लाल शाईत.
सगळी गोष्ट एकट्या शाबलोच्या मांडीवर,
कंदील गुडघ्याशी.

राजा होता पोस्टमन.
गावभरचे पत्ते तोंडपाठ,
स्वतःची वाक्यं सोडून.

पुढे वीज आली, विजेमागून माईक,
आढ्यावरून दोरीनं सोडलेला, वटवाघळासारखा.
त्याला राजा कोण आणि विंग कुठली, काही कळेना.
‘सेनापती, दरवाजे उघडा,’ विंग म्हणाली.
‘सेनापती, दरवाजे उघडा,’ राजा म्हणाला.
दुसऱ्या अंकापर्यंत पुढच्या रांगेतली पोरं
दोघांच्या मधेच दरवाजे उघडू लागली.
शाबलोनं आवाज उतरवला. आणखी उतरवला.
तो मग वर चढलाच नाही;
घरी पेज वाढा म्हणाला
तरी आम्हांला जवळ जावं लागे.

आणि कुवेतहून कोणीसा टेपरेकॉर्डर घेऊन आला.
प्लग एकच, तोही विंगेत.
म्हणून ह्या कॅसेटीत राजा लांब,
नदीपलीकडून हाक मारल्यासारखा,
आणि माझा बाप इथं, कानाच्या पाळीशी.

(टीव्हीपुढं गाव बसू लागलं तेव्हा
त्याला एकच नवल: ही माणसं विसरत कशी नाहीत?
‘ह्यांना सांगतं कोण?’ म्हणून
एकदा पेटीच्या मागं वाकून पाहिलं त्यानं.)

सॉफ्टवेअरला दोन सेकंद पुरले.
त्याच्या लेखी कुजबुज म्हणजे
खरखर, पंखा, पावसाळी पत्रा.
एक पट्टी डावीकडे ओढली
आणि राजा लख्ख झाला.
फक्त तो प्रत्येक वाक्याआधी थांबतो.
इतका थांबतो की वाटावं,
काय विचारी राजा!

मस्कतला तोच पाठवला.
लगेच अंगठा आला, मग जोडलेले हात.

काढलेला आवाज यंत्र फेकून देत नाही,
वेगळा ठेवतं, मागाल तर ऐकवतं.
शटर ओढून घेतलं आणि तो लावला.
एक कुत्रं. चण्यांची पुडी. कुणाचं तरी रडकं पोर.
पानं उलटताना बोटाला लावलेली थुंकी, तीसुद्धा.
आणि अख्खं नाटक एकाच गळ्यातून:
राजा तोच, दासीही तोच,
किल्ला पडला तोही हलक्या आवाजात,
शेजारी कोणी झोपलं असावं तसा.

शेवटी टाळ्या, ओढलेल्या खुर्च्या,
पुस्तक मिटल्याचा थप्.
मग थोडा खोकून तो म्हणतो,
‘दिवो पालय रे.’

ते वाक्य त्याच्यामागून
कोणीच म्हटलं नाही.