ऑक्टोबरचा दुसरा सोमवार

ऐरोलीच्या आमच्या ऑफिसात सुट्ट्या तिकडच्या.
आज कोलंबस डे, रात्रपाळी नाही.
जाळं विणत बसलेल्या बाबांनी विचारलं,
यो कोन?

म्हटलं, आपल्याकडे यायला निघाला होता,
लागला भलत्याच किनाऱ्याला,
आणि तिथल्या माणसांना मरेपर्यंत इंडियन म्हणत राहिला.

म्हंजे वाट तो चुकला, न सुट्टी तुला गावली.

हसले. मग मी वाचलेलं सांगितलं:
न्यू ऑर्लिन्समध्ये जमावाने तुरुंग फोडला,
अकरा इटालियन मारले.
इटलीने आपला दूत माघारी बोलावला.
पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्षांचं फर्मान निघालं,
शाळाशाळांवर झेंडे लावा, कोलंबसाला चारशे वर्षं झाली.
तो जिनोव्हाचा.
उपऱ्या ठरलेल्यांना तेवढंच एक नाव धरायला मिळालं:
आमचाही कुणी आला होता इथे,
सगळ्यांच्या आधी.

सगल्यांचे आधी?
बाबांनी दोरा दातांनी तोडला.

मग बराच वेळ काही नाही.
मग म्हणाले, सत्तर साली साहेब आलते, खाजणात.
त्यांच्या नकाशावर आपलं मिठागर कोरं होतं.
लाल-पांढरी काठी मीच धरलेली.
नऊ वर्सांचा. चार आणे दिले.
सरळ धर म्हणाले.
धरली.

त्यांचा दिवस कंदी असतं?

बाहेर सेक्टर आठचे दिवे लागले,
अगदी सरळ रेषेत.