सहा कान

केप्याहून आलेल्या एर्मेलिंदानं
वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन पट्ट्या
बंद घड्याळांच्या शेजारी काउंटरवर ठेवल्या.
पट्टीला तीन-तीन खुंट्या.
गिटार वाळवीनं नेली, कान तेवढे उरले.
"कितले मेळटले?"

कुडचड्यात स्टेशनसमोर मी घड्याळं दुरुस्त करतो.
आता घड्याळ कोण आणतं.
पण दात आणि आटे,
घड्याळाचे काय, गिटारचे काय,
सारखंच खोटं बोलतात
आणि सारखेच सापडतात.

आधी वास.
कानाची पाळी, म्हणजे बोटांत धरायची ती पिवळी गोळी,
अंगठ्यानं खसाखसा चोळायची,
ऊब आली की नाकाशी न्यायची.
कापूर आला तर जुनं सेल्युलॉइड.
काहीच नाही आलं तर कालचं प्लास्टिक,
चहाच्या पाण्यात बुडवून म्हातारं केलेलं.
पाचांना कापूर आला.
एर्मेलिंदाला वाटलं,
मी तिच्या बापाच्या वस्तूचा मुका घेतोय.

मग पाणी.
निकेलचं पाणी बोटं लागत तिथंच उडालेलं,
बाकी शाबूत.
माणसाचं पितळ उघडं पडलं की भाव उतरतो,
इथं उलटं.
सगळीकडे सारखं झिजलेलं असतं
तर पट्ट्या होत्या तशा गुंडाळून परत दिल्या असत्या:
ते पॉलिशवाल्याचं काम, वाजवणाऱ्याचं नव्हे.

मग फेरे. मोजताना बोलायचं नाही.
दांडा चौदा वेळा फिरला
तेव्हा चाक एकदा फिरलं.
दुसऱ्या खुंटीत पाव फेरा नुसताच खेळ,
कान पिळला तरी ढिम्म,
माझ्या थोरल्या भावासारखी.

"पाय तारवटी होता," ती म्हणाली,
"लढाईच्या आधी हांबुर्गला घेतली, सांगायचा."
मी पट्टी उलटी केली.
लाकडाला टेकून इतकी वर्षं अंधारात राहिलेली बाजू.
तिथं ठसा: जर्मनी.
आणि त्याच्या आधी, भिंगातच दिसेल असा, वेस्ट.
देश फुटल्याशिवाय हा शब्द कुठून येणार?
तिला सांगितलं.
पंधराएक वर्षं कमी झाली,
आणि त्या मानानं पैसे.
ती दुखावली नाही. विचार करून म्हणाली,
"खंयची लढाय, तें आमी केन्नाच विचारूंक ना."

सहावी राहिली होती.
तिची पाळी करवंटीची.
कोयत्यानं तासलेली, काचेनं घासलेली,
एका कडेला हात चुकल्याची खूण.
चोळली. कापूर नाही.
खोबरेलाचा वास, असलाच तर.

पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला:
दोन पट्ट्या, पाच कान,
मूळचे स्क्रू आठांतले सहा,
हणजूणचा गिऱ्हाईक देईल ते,
त्यातून माझं.
करवंटीपुढे शून्य लिहिलं.
मग शून्य खोडून वजा शंभर केलं,
कारण घेणाऱ्याला जोडीचा कान शोधत हिंडावं लागेल.

"आणि ती काढून घेतली तर?"
"तर वजा दोनशे. दांडा उघडा राहतो."

तिनं बसचं तिकीट मोडून
दोन्ही आकडे मनात फिरवले.
"काड."

चिमट्यानं हलवून काढली.
तिनं ती रुमालाच्या गाठीत बांधली,
उरलेले पैसे मोजून घेतले,
दोनदा, आणि दहाची एक फाटकी नोट बदलून मागितली.

शटर ओढायच्या आधी
उघड्या दांड्याला चिमटा लावून
मी पुन्हा चौदा फेरे दिले.
तारेचं छिद्र फिरून नेमकं होतं तिथं आलं.
उलटा फिरवला.
हात हलला तसं चाक हललं, त्याच क्षणी.

सहांत ही एकच, जिला खेळ नव्हता.
पाकीट शोधलं. ते तिच्या वर्तमानपत्राबरोबर गेलं होतं.