छत्तीस पानं

शुक्रवारी ऑफिस सुटलं की ते थेट स्टेशनवर जातात,
शलाका आणि निषाद.
पाठीला एकेक सॅक, विमानात सीटखाली मावेल एवढीच,
डब्यात दशम्या, कारण तिथं पाण्यालाही पैसे पडतात.
रविवारी रात्री परत.
सोमवारी फोटो येतात आम्हाला,
जेल रोडच्या फ्लॅटमध्ये, नेमके दूध उतू जायच्या वेळेला.

मी वहीत लिहून ठेवतो.
तारीख, गाव, कशानं गेले, किती तास.
प्रेसमधली सवय:
हातावरून गेलं ते मोजायचं, सही करायची,
मगच पुढं द्यायचं.
पोर्तो. घेंट. क्राकूव्ह.
ल्युब्लियाना लिहिताना तीनदा खोडलं.
विजूनं तिचा शाळेतला जुना नकाशा काढला,
त्यात तो सगळा मुलूख एकाच गुलाबी रंगाचा,
एकाच देशाचा.
"देश मोडला, नकाशा धड राहिला," म्हणाली,
आणि पेन्सिलीनं एक टिंब दिलं, अंदाजानं.

एकतीस वर्षं मी पासपोर्ट बांधले.
लोक विचारत, नोटा छापता का हो?
मी म्हणे, नाही, आमच्या खात्यात कोरी पानं.
शिवण घालायची, कडा कापायच्या, गठ्ठे लावायचे.
भोंगा झाला की झडती, खिसे उलटे.
एक पान कमी भरलं तर सगळं खातं जागच्या जागी थांबायचं.
एकदा रात्री अकरा वाजले.
पान मशीनखाली सापडलं,
अजून नावही न पडलेल्या कुणाचं तरी.
त्याच्यासाठी आम्ही सतरा माणसं उपाशी.

मला स्वतःला कधी लागला नाही.
माझा लांबचा प्रवास
देवळाली ते भुसावळ, पॅसेंजरनं, सासुरवाडीला.

या डिसेंबरात ते आले.
द्राक्षाच्या मण्यांत अजून पाणी उतरलं नव्हतं.
गच्चीवर ऊन खात बसलो होतो,
निषाद पुडीतून नुसते शेंगदाणे वेचून चिवडा खात होता.
मी म्हटलं, तुझा पासपोर्ट आण गं जरा.
वाटलेलं, शिक्क्यांची जत्रा असेल,
निळे, जांभळे, तिरके, एकमेकांवर चढलेले.
बावीस गावं होती माझ्या वहीत.

उलटत गेलो. कोरं.
कोरं.
अंगठा आपोआप मोजायला लागला.
एक व्हिसा, मुंबईहून निघाल्याचा शिक्का,
तिथं उतरल्याचा,
बाकी सगळं आम्ही गेटबाहेर पाठवलं तसंच.

"हद्दीवर कुणी विचारतच नाही, बाबा.
झोपेत देश बदलतो.
फोनवर दुसऱ्या कंपनीचं स्वागत येतं, तेव्हा कळतं."
"हिनं एकदा कॉफी एका देशात घेतली," निषाद म्हणाला,
"आणि कप दुसऱ्यात टाकला."
सगळे हसले. मीही.
पासपोर्ट मिटताना शिवण बघितली,
एकही दोरा सैल नव्हता.

दुपारी पाणी प्यायला उठलो
तर स्वयंपाकघरात विजू विचारत होती,
"इतकं फिरून दमत नाही का गं तुम्ही?"
भांडी वाजली थोडी.
मग शलाका:
"शनिवार फार मोठा असतो तिथं, आई.
घरात बसलो तर संपत नाही."
मी पाणी न पिताच परत येऊन आडवा झालो.

रविवारी चौघं पांडवलेणीला गेलो, रिक्षानं.
इतकी वर्षं इथं राहून
विजू आणि मी दुसऱ्यांदाच.
सॅक नव्हती, पिशवीत संत्री होती.
शलाका आईचा हात धरून पुढं,
मधेच बसत, साली माकडांपासून लपवत.
निषाद आणि मी मागून, पायऱ्या मोजत.
वर गेल्यावर आकडे ताडून बघितले.
त्याच्या चार जास्त.

पुन्हा मोजायला
कुणी थांबलं नाही.