अक्षराला नव्वद

पाथरवट म्हणाला, ताई, अक्षराला नव्वद पडतील,
जोडाक्षराला सव्वाशे.
कागद पुढे केला : नाव नीट लिहून द्या.

नाव नीट लिहून देणं
आमच्या घरात कुणाला जमलेलं नाही.

पणजोबा ओटो केलर.
मुंबईत रंगाच्या जर्मन कंपनीत हिशेब बघायचे.
लढाई पेटली तेव्हा बायकोपोरासकट
त्यांना साताऱ्यात आणून ठेवलं.
तुरुंग नव्हे. सदर बझारात अर्धा बंगला,
आठवड्यातून दोनदा चौकीत सही,
आणि मेढ्याच्या रस्त्यावर एक मैलाचा दगड :
त्याच्या पलीकडे पाऊल टाकायचं नाही.
पणजी रोज संध्याकाळी तिथवर चालत जायची,
भोज्ज्याला शिवावं तसा
दगडाला हात लावायची
आणि परत फिरायची.

लढाई संपली. बाकीचे आगबोटीनं गेले.
हे का राहिले, याची घरात तीन कारणं.
आजोबांना विषमज्वर होता.
त्यांचं गाव दुसऱ्याच देशात गेलं होतं.
तिसरं फक्त आत्या सांगायची, तेही दार लोटून :
पणजोबांनी छत्तीस साली
कुठल्याशा कागदावर एक सही केली होती,
आणि त्या कागदामुळे ज्यांची घरं रिकामी झाली
त्यांच्या गल्लीत पणजीला परत राहायचं नव्हतं.

मग मोती चौकाजवळ घड्याळदुरुस्ती.
हिशेबनीस माणूस, बोटं थरथरायची,
तरी भिंग लावून बसला.
लोक विचारायचे, साहेब, चालतंय का?
ते म्हणायचे, चालतंय की.
मराठी त्यांची तेवढ्यापासून सुरू झाली.

आजोबा कार्ल. शाळेत त्यांचं कारलं झालं.
ताटात कारल्याची भाजी आली की
म्हातारपणीही म्हणायचे, आज मीच आहे.
दाखल्यावर मास्तरांनी लिहिलं केळर.
पुढे नगरपालिकेतल्या नव्या कारकुनाला वाटलं
जुन्याच्या हातून क राहिला.
त्यानं तो मायेनं घातला.
झालो केळकर.

आजी सुवार्ता बनसोडे, मिरजेला मिशनच्या दवाखान्यात नर्स.
तिच्या माहेरचे म्हणाले,
गोरा आहे ते दिसतंय, पण त्याला कुणी आहे का?

मला बघायला आलेले विचारायचे, केळकर कुठले?
मग माझ्या डोळ्यांकडे बघून स्वतःच सांगायचे,
घारे आहेत, म्हणजे कोकणातलेच.
आई चहा ओतत राहायची.
भिंतीवरचा क्रूस दिसेपर्यंत
पोहे संपलेले असायचे.

जर्मन आमच्यात उरलं ते एवढंच :
झोपताना श्लाफ गूट.
मला ते मराठीच वाटायचं.
दुसरीत मैत्रिणीकडे राहिले तेव्हा दिवा मालवल्यावर
तिच्या आईला म्हटलं, श्लाफगूट, काकू.
काकू म्हणाल्या, आता नको बाळा, उद्या करून देते.

केलर म्हणजे तळघर,
हे मला चाळिशीत कळलं.

बाबा चैत्रात गेले.
एसटीच्या डेपोत तीस वर्षं. छातीवरच्या बिल्ल्यावर केळकर,
पाकिटाच्या मागच्या कप्प्यात
पणजोबांचा चौकीचा पास, घडीवर फाटलेला.
कधी दाखवला नाही. कधी टाकलाही नाही.
मी मात्र परवा स्कूटर घेऊन
मेढ्याच्या रस्त्यावर तो दगड शोधला.
रुंदीकरणात गेला म्हणे. कुठून पलीकडे गेले
ते मला कळलंच नाही.

पाथरवट छिन्नीला धार लावत थांबलाय.
भास्कर कार्ल, यात दोन जोडाक्षरं. ती मान्य.
पुढे? क घालू का? नाही घातला तर नव्वद वाचतील.

म्हटलं, जागा सोडा.
ळ आणि र यांच्या मध्ये, एका अक्षराची.

त्यानं ओठांनी वाचून पाहिलं.
केळ… र. लोक हसतील, ताई.

हसू देत.

मग त्यानं दगडावर चार बोटं टेकवून माप घेतलं
आणि माझ्याकडे न बघता म्हणाला,
मोकळ्या जागेचेपण नव्वद होतील.
तिथंपण दगड तेवढाच घासावा लागतो.